कोळसा भरला, पुढे काय?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पंचगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या मधल्या माळावर वसली आहे. कोल्हापूर म्हटले की फाउंड्री आणि साखर आठवते, पण या वसाहतीत उंची सुती कापडही मोठ्या प्रमाणावर तयार होते. रेमंड लक्झरी कॉटन्सचा कारखाना इथलाच. तुर्कस्तानच्या सोक्तास कंपनीने उभारलेला आणि २०१९ मध्ये ग्रासिमने घेतलेला कारखानाही इथलाच. थोड्या अंतरावर इचलकरंजी आहे, यंत्रमाग, सायझिंग आणि प्रोसेसचे गाव. सूत रंगवायचे, कापड धुवायचे आणि त्यातून निघालेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न या पट्ट्याला चुकत नाही. त्यावर संशोधक, यंत्रे विकणारे आणि सल्लागार हे तिघेही एक उत्तर हमखास देतात: कोळसा. कधी नारळाच्या करवंटीचा, कधी लाकडाचा, कधी उसाच्या बगॅसचा, कधी बॉयलरच्या राखेतला. या उत्तराचा आढावा घेताना आपले म्हणणे आधीच सांगितलेले बरे. कोळसा रंग धरतो, यात वाद नाही. पण तो घाण नाहीशी करत नाही. पाण्यातली घाण काढून तो स्वतःत साठवतो, आणि भरला की थांबतो. म्हणून ज्या व्यवस्थेत भरलेल्या कोळशाचा हिशेब नाही, ती व्यवस्था कागदावर कितीही नीट दिसली तरी अर्धवटच आहे.

या भागात पाण्याची किंमत काय, हे आकडेवारीशिवायही कळते. पंचगंगेच्या काठी असलेल्या इचलकरंजीने पिण्यासाठी आधी वारणेकडे पाहिले, तर दानोळी आणि आसपासच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली, तर कागल-शिरोळ भागातले शेतकरी उभे राहिले. दाराशी नदी असताना एका शहराला दुसऱ्यांच्या नदीचे पाणी मागावे लागते आणि दुसरे ते देत नाहीत, हा प्रदूषणाचा सगळ्यात महाग परिणाम आहे. तो कुठल्याच सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या (ईटीपीच्या) खर्चात धरलेला नसतो. अर्थात पंचगंगेचे सगळे पाप रंगाच्या माथी मारणे बरोबर नाही. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली ती पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळे. नदीत माजणारे केंदाळ शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्यावर पोसते. साखर कारखाने आणि डिस्टिलरी यांचा वाटा वेगळाच. कोळशाचे टाके यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय नाही. हे आधी मान्य केले, की तो कशावर उपाय आहे याची चर्चा जमिनीवर राहते.

सुती कापडाला मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून धुतल्यावर उतरत नाही. पण बंध जोडण्यासाठी पाणी अल्कधर्मी करावे लागते, सामू ११ च्या आसपास न्यावा लागतो, आणि त्याच पाण्यात काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच प्रक्रिया करून निकामी होतो. रंगाच्या जातीनुसार आणि छटेनुसार साधारण १० ते ४० टक्के रंग धाग्याला न लागता वाहून जातो. गडद छटा असेल तर जास्त. रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी लिटरमागे ३० ते ८० ग्रॅम, कधी त्याहून अधिक, मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. ते जवळजवळ सगळेच्या सगळे नाल्याला जाते. शिवाय सायझिंगची खळ, साबण, सोडा, सॉफ्टनर हे आहेच. यातली खळ जिवाणू खातात. निकामी झालेला रंग मात्र त्यांच्या तोंडी लागत नाही. कापड वर्षानुवर्षे उन्हात आणि साबणात टिकावे म्हणूनच तो रेणू घडवलेला असतो, तो एअरेशनच्या टाकीत दोन दिवसांत मोडेल ही अपेक्षाच चूक आहे. आणि लिटरमागे १ मिलिग्रॅम इतका कमी रंगही उघड्या डोळ्यांना दिसतो. केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये जी मानके अधिसूचित केली, त्यांत बीओडी (जिवाणूंना घाण खाताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३०, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५० आणि विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम यांच्या जोडीला रंगासाठी १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक ही मर्यादा आहे. जिवाणू बीओडी उतरवून देतात, पण रंग आणि चिवट सीओडी मागे उरतात. तिथे कोळशाला बोलावणे येते.

कोळसा रंग शोषतो हे ज्ञान नवे नाही. टोबियास लोविट्झ याने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रासायनिक द्रावणाचा रंग कोळशाने काढला. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या साखरशुद्धीच्या कारखान्यांनी हाडांचा कोळसा वापरून साखर पांढरी केली. लाकूड, करवंटी किंवा दगडी कोळसा वाफेने अथवा आम्लाने भाजून त्यात बारीक छिद्रे पाडण्याची औद्योगिक पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. अशा चांगल्या कोळशाच्या, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या, एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात सापडते आणि खोटे नाही. पण एकूण पृष्ठभाग किती, याहून तो कोणत्या मापाच्या छिद्रांत आहे हे महत्त्वाचे. २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रे, २ ते ५० ती मध्यम, त्यापुढची मोठी. नारळाच्या करवंटीच्या कोळशात सूक्ष्म छिद्रांचाच भरणा असतो. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन किंवा वासाचे लहान रेणू धरायला तो उत्तम. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ सारख्या रंगाचा रेणुभार ९९० च्या घरात आहे आणि त्याला सल्फोनेटचे ऋणभारित गट चिकटलेले असतात. असला लांबरुंद रेणू सूक्ष्म छिद्राच्या तोंडाशीच अडतो, आणि मागून येणाऱ्यांची वाटही अडवतो.

आता बाजाराकडे पाहा. कार्बन खरेदी करताना विचारतात ती आयोडीन व्हॅल्यू. ८०० की ९०० की १०००, त्यावर भाव ठरतो. आयोडीनचा रेणू चिमुकला असल्यामुळे ही चाचणी सूक्ष्म छिद्रेच मोजते. म्हणजे रंगाच्या पाण्यासाठी आपण जादा पैसे मोजतो ते रंगाला न उपयोगी पडणाऱ्या गुणासाठी. मोठ्या रेणूंसाठी वेगळी मोजणी आहे: मळीच्या पातळ केलेल्या द्रावणाचा रंग कोळसा किती काढतो, यावरून ठरणारा मोलॅसिस नंबर. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात, जिथे मळीला तोटा नाही, तिथे कार्बनच्या निविदेत हा आकडा मागायला हवा. विकणाऱ्याकडून दोन-तीन नमुने आणून आपल्याच ईटीपीच्या पाण्यावर जार टेस्ट लावली, तर तेवढेही लागत नाही. हा खर्च अगदी किरकोळ आहे. तरीही बहुतेक खरेदी आयोडीनच्या आकड्यावरच होते, कारण प्रमाणपत्रावर तोच आकडा छापलेला असतो.

इथून बगॅसकडे वळले पाहिजे, कारण कोल्हापुरात या विषयावर बोलताना ते टाळताच येत नाही. गाळलेल्या उसाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघते. ती बॉयलरमध्ये जाते, वीज होते आणि मागे राख उरते. राखेत न जळलेला कोळसाही असतो. कागलचा छत्रपती शाहू कारखाना धरून सगळ्या परिसरात ही राख निघते आणि ती कुठे टाकायची हीच पंचाईत असते. आयआयटी रुरकीच्या इंद्रदेव मल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास बगॅसच्या उडत्या राखेने ऑरेंज-जी, मिथाइल व्हायोलेट असे रंग काढता येतात हे व्यवस्थित दाखवले. त्यानंतर भारतभरच्या विद्यापीठांत उसाची चिपाडे, भाताचा तूस, कडुनिंबाची पाने, चिंचोके, शेंगांची टरफले, जे हाताला लागेल त्याचा कोळसा करून रंग शोषून पाहण्याचे जणू पेवच फुटले. यातल्या अनेक शोधनिबंधांत ९० ते ९९ टक्के रंग निघाल्याची नोंद असते. प्रयोग खोटे नसतात. प्रश्न असतो तो कशावर प्रयोग केला याचा. मिथिलिन ब्लू हा लहान, धनभारित, कोळशाला सहज चिकटणारा रंग, तो ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेला, त्यात दुसरे काहीही नाही, सामू सोयीचा, तापमान स्थिर. त्यावर शोषणाचे लँगम्युअर समीकरण बसवून ग्रॅमला किती मिलिग्रॅम रंग धरला याचा कमाल आकडा काढायचा. कागलच्या किंवा इचलकरंजीच्या नाल्यातले पाणी असे नसते. तिथे रंग ऋणभारित असतो, सामू चढा असेल तर कोळशाचा पृष्ठभागही ऋणभारित होतो आणि दोघे एकमेकांना ढकलतात. खळीचे आणि साबणाचे रेणू त्याच जागांसाठी भांडतात. मिठाचा एवढाच उपयोग की ते हा विद्युतभार थोडा झाकते, त्यामुळे ऋण रंग धरला जाण्यास कधी कधी मदतच होते. एकूण मात्र प्रयोगशाळेतला कमाल आकडा प्रत्यक्षात क्वचितच हाती लागतो. तरी बगॅसच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो या निबंधांतच असून मथळ्यांखाली दडलेला असतो. फॉस्फोरिक आम्ल लावून भाजलेल्या बगॅस-कोळशात मध्यम मापाची छिद्रे अधिक पडतात. म्हणजे रंगासाठी तो करवंटीपेक्षा स्वभावतःच बरा ठरू शकतो. पण हा मुद्दा तयार केलेल्या कोळशाचा आहे, फुकट मिळणाऱ्या राखेचा नव्हे. तो कोळसा तयार करताना आम्ल धुऊन काढावे लागते, त्याचे वेगळे सांडपाणी निघते, आणि आजकाल वीजनिर्मितीमुळे बगॅसलाही भाव आहे.

उद्योगाचाच टाकाऊ कोळसा वापरून त्याची घाण काढायची, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आजमावली गेली ती कॅनडात. अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या खोऱ्यात वाळूला डांबरासारखे तेल चिकटलेले आहे. ते गरम पाण्याने वेगळे करतात. त्या पाण्यात नॅफ्थेनिक आम्लांसारखी, माशांना विषारी असणारी संयुगे उतरतात. हे पाणी नदीत सोडायला परवानगी नसल्यामुळे कंपन्या ते तळ्यांत साठवत गेल्या. आज त्या तळ्यांत १ लाख ३० हजार कोटी लिटरहून अधिक द्रव पडून आहे. एप्रिल २००८ मध्ये सिनक्रूड कंपनीच्या अशा एका तळ्यावर उतरलेली सुमारे १६०० बदके मेली, तेव्हा हा प्रश्न जगभर गाजला. २०२३ मध्ये कर्ल या तिथल्याच खाणीतली गळती उघड झाली, तेव्हा खालच्या अंगाच्या आदिवासी वस्त्यांनी आम्हाला वेळेत का सांगितले नाही असे विचारले. तेल शुद्ध करताना तिथे पेट्रोलियम कोक नावाचा कोळसा डोंगरांनी निघतो. सिनक्रूडने तो या पाण्यात मिसळून मोठ्या चाचण्या घेतल्या, अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर बरेच काम केले, आणि पाण्याचा विषारीपणा खरोखर उतरतो हे दिसले. त्याचबरोबर दोन गोष्टी कळल्या. एक, कोक कच्चा असल्यामुळे तो प्रचंड मात्रेत घालावा लागतो. दोन, कोकमधून व्हॅनेडियमसारखा धातू उलट पाण्यात उतरतो, त्यामुळे त्याच्यावरही लक्ष ठेवावे लागते. तरीही अल्बर्टात ही युक्ती चालू शकते, कारण कोक खाणीच्या जागेवरच आहे, पुष्कळ आहे, आणि वापरलेला कोक पुरायला खाणीचे खड्डेही तिथेच आहेत. कागलला खड्डे नाहीत. इथल्या माळाच्या चहूबाजूंनी ऊस आहे. बॉयलरच्या राखेतले क्षार आणि धातू पाण्यात किती उतरतात, हेही रंग किती निघाला याइतक्याच काळजीने मोजायला हवे. ते मोजणारे निबंध मात्र फार थोडे.

आता हिशेब मांडून पाहू. दिवसाला १० लाख लिटर पाणी सोडणारे एखादे युनिट धरा. जैविक प्रक्रियेनंतर सीओडी २५० आहे, तो कोळशाने १५० वर आणायचा आहे. म्हणजे रोज १०० किलो सीओडी कोळशाने उचलायचा. अशा पाण्यावर एक किलो चांगला कार्बन पाव किलोच्या आसपास सीओडी धरतो असे मानले, तर रोज ४०० किलो कार्बन लागेल. १०० रुपये किलो धरला तर ४० हजार रुपये, लिटरला ४ पैसे. हा खर्च थोडा नाही, पण शर्टिंगच्या किमतीपुढे अशक्यही नाही. आता अशा युनिटमध्ये नेहमी दिसणारे ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरचे (एसीएफ) टाके पाहा. व्यास २ मीटर, आत कार्बनचा थर १ मीटर, शेजारी वाळूचे फिल्टर (पीएसएफ), वर प्रेशर गेज, खाली ड्रेनचा व्हॉल्व्ह. या टाक्यात सुमारे ३ घनमीटर, म्हणजे दीड टनाच्या आसपास कार्बन मावतो. वरच्या हिशेबाने तो चार दिवसांत भरायला हवा. पुरवठादार मात्र त्याचे आयुष्य सहा महिने ते वर्षभर सांगतो आणि तेवढे दिवस तो तसाच राहतो. पाणी त्यातून साडेचार-पाच मिनिटांत पार होते, खरे तर पंधरा मिनिटे ते अर्धा तास थांबायला हवे. थरावर जिवाणू वाढतात आणि थोडी घाण खाऊन कार्बनचे आयुष्य लांबवतात, हे खरे आहे. पण चार दिवसांचे वर्ष होण्याइतके नाही. मग उरलेले दिवस ते टाके काय करते? बॅकवॉश घेते, दाब दाखवते आणि आराखड्यात आपली जागा राखते. भरलेला कार्बन बाहेरून कोऱ्या कार्बनसारखाच काळा दिसतो, हीच त्याची अडचण. वाळूचे फिल्टर तुंबले की दाब वाढतो आणि ऑपरेटरला कळते. कार्बन संपला तर काहीच वाढत नाही. उलट एखाद्या दिवशी येणारे पाणी थोडे बरे असले, तर भरलेला थर आधी धरलेला रंग सोडू लागतो आणि बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा गडद निघते.

याच हिशेबात राख बसवून पाहावी. राखेची क्षमता कार्बनच्या दहाव्या हिश्श्याची धरली तर रोज ४ टन राख लागेल, आणि ओली होऊन बाहेर निघेल ती ८ टनांच्या आसपास. रोज जवळजवळ एक ट्रक. ट्रक येताना राख फुकट असते, जाताना ती रंग भरलेला कचरा असते. स्वस्त शोषक घ्यावा असे सांगणारे निबंध साधारण येणाऱ्या ट्रकपाशी थांबतात. आणि जैविक टाकीच नीट चालत नसेल, सीओडी २५० ऐवजी ५०० ने येत असेल, तर कार्बनची गरज ४०० किलोंवरून १४०० किलोंवर जाते. आधीच्या पायरीवरचा आळस कोळशाने भरून काढायचा म्हटले तर तो सगळ्यात महागडा मार्ग आहे.

कोळसा ज्याला हातही लावत नाही ते म्हणजे मीठ. रंग काढलेले, काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणी क्षारांच्या बाबतीत जसेच्या तसे असते. ते पाणी उसाला वर्षानुवर्षे दिले तर जमीन खारवते, आणि शिरोळ-हातकणंगले पट्ट्याला क्षारपड जमिनीचा अर्थ समजावून सांगायला नको. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरची गोष्ट इथे आठवते. नोय्यल नदी तिथल्या डाइंगच्या पाण्याने बिघडली, ओरत्तुपाळयम धरण सांडपाण्याचा तलाव झाले, शेतकरी न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाची युनिटे बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तिथे पाणी बाहेरच न सोडण्याची व्यवस्था उभी राहिली: आरओ, बाष्पीभवन, मीठ परत वापरणे. पाणी आणि बरेचसे मीठ परत मिळू लागले, पण वेगळे न करता येणाऱ्या मिश्र क्षारांचे ढीगही उभे राहिले. रंगाचा प्रश्न मिठापासून तोडून सोडवता येत नाही, हा तिरुप्पूरचा धडा कागलच्या कोळशालाही लागू आहे.

यावरून कोणी म्हणेल, मग कोळसा हवाच कशाला? ओझोन आहे, मेम्ब्रेन आहे, जग पुढे गेले. ओझोन रंगाचा बंध तोडतो आणि पाणी पटकन पांढरे होते. पण रंगाचे तुकडे पाण्यातच राहतात, सीओडी फारसा उतरत नाही, आणि ते तुकडे काय आहेत हे दरवेळी तपासावे लागते. आरओ मीठही काढते, पण जे काढते ते मागे उरणाऱ्या पाण्यात (रिजेक्टमध्ये) कितीतरी पट दाट करून ठेवते. त्या दाट पाण्यातला रंग आणि सेंद्रिय मल काढल्याशिवाय पुढचे बाष्पीभवन अडखळते आणि परत मिळणारे मीठ रंगीत निघते. म्हणजे मेम्ब्रेन आल्यावर कोळशाचे काम संपत नाही, त्याची जागा बदलते. मला तर कोळशाची सगळ्यात योग्य जागा तीच वाटते. थोडे पाणी, दाट रंग, मिठामुळे रंग धरायला अनुकूल, आणि बदल्यात परत वापरता येणारे मीठ. नदीत सोडण्याआधीच्या शेवटच्या पाण्यावर हात फिरवण्यापेक्षा इथे कार्बनचा प्रत्येक किलो जास्त कमाई करतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान युनिटांना हे परवडणार नाही, त्यांच्यासाठी स्वस्त राखच बरी. परवडत नाही हे खरे, पण त्यातून राखेचा निष्कर्ष निघत नाही. लहान युनिटांकडे वेगळी जागा नाही, माणूस नाही, प्रयोगशाळा नाही. अशा ठिकाणी दहापट कचरा करणारा मार्ग स्वस्त कसा? त्यांचे पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेऊन तिथे एकदाच, मोठ्या प्रमाणावर आणि मोजून कार्बन वापरणे हाच मार्ग उरतो. सामायिक केंद्रात कोणाची घाण किती यावरून भांडणे होतात, हे मात्र खोडून काढता येत नाही. येणाऱ्या प्रत्येक पाण्याचा रंग आणि क्षार मोजून आकारणी केली तर भांडण निदान आकड्यांवर होईल.

राहिला भरलेला कोळसा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरून संपलेल्या कार्बनची नोंद आहे, तो कुठेही टाकता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला असा कचरा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पुरण्यासाठी जाऊ शकतो, किंवा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळू शकतो. दोन्हीला वाहतूक लागते आणि दोन्हीत कार्बन एकदाच वापरून संपतो. तिसरा मार्ग म्हणजे ८०० ते ९०० अंशांवर वाफेच्या भट्टीत भाजून तो पुन्हा कामाचा करणे. दर फेरीत दहाएक टक्के कार्बन घटतो, बाकीचा परत मिळतो. भाजताना छिद्रे थोडी रुंदावतात, आणि रंगाच्या कामासाठी ते चांगलेच आहे. पण मिठाच्या पाण्यात वापरलेल्या कार्बनमध्ये सोडियम साठतो, तो भट्टीत कोळसा भराभर जाळतो, म्हणून आधी धुणे लागते. भट्टीच्या धुराचेही नियंत्रण लागते. हे सगळे दिवसाला काही शे किलो कार्बन निघणाऱ्या एकट्या युनिटला जड आहे. चार-सहा युनिटे आणि सामायिक केंद्र मिळून मात्र भट्टी चालू शकते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रेझिन लागलेली वाळू भाजून पुन्हा साच्याला वापरायची आणि त्यासाठी सामायिक यंत्रणा करायची, हा विचार त्यांच्या धंद्यात रुळलेला आहे. भट्टीचे तापमान सांभाळणारे, रिफ्रॅक्टरीचे काम जाणणारे हात याच वसाहतीत आहेत. एका धंद्याची कारागिरी दुसऱ्या धंद्याच्या कामी यावी, हा एकत्र वसाहत करण्याचा हेतूच होता ना?

तोवर करता येण्याजोगे काम साधे आहे. एसीएफच्या थराच्या मध्यावर नमुना घेण्याचा एक नळ बसवावा. मध्यावरचे पाणी आणि खालचे पाणी सारखेच रंगीत निघाले की कार्बन संपला, त्यासाठी पुरवठादाराच्या सहा महिन्यांची वाट पाहू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीपत्रात कार्बनचे टाके आहे की नाही हे विचारण्याऐवजी वर्षात किती कार्बन विकत घेतला, किती वापरून निघाला आणि तो कुठे गेला, हे तीन आकडे बिले आणि कचरा वाहतुकीच्या मॅनिफेस्टसकट मागावेत. १० लाख लिटर रंगीत पाणी सोडणाऱ्या युनिटने वर्षाला दीड टन कार्बन घेतला असेल, तर पुढची तपासणी नदीवर जाऊन करण्याची गरजच उरत नाही.